धुराड्यातला बोळा

१२ फेब्रुवारी १९९६
रंकाळा स्टँडवरून सकाळची गगनबावडा बस. (पुढं नुसतं ग.बा. लिहीन.) चुलीचा लोखंडी साचा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्यो काय तबला हाय का?" साचा आहे म्हटल्यावर त्याचं अर्धं तिकीट फाडायची धमकी दिली.

काल मीटिंग झाली. साहेबांचं एकच पालुपद, मार्चएंड. "टार्गेट पुरं झालं नाही तर पैसा परत जातो. परत गेला की पुढच्या वर्षी येत नाही. आणि पैसा आला नाही की माणसंही येत नाहीत." हे माझ्याकडे बघून. मी मानधनावर.

निर्धूर चूल. दोन भांड्यांची, मागे सिमेंटचा पाइप, धूर कौलावरून बाहेर. बहुतेक खर्च सरकारचा, घरटी थोडा वाटा. पत्रकात लिहिलंय की जंगल वाचतं आणि बायकांचे डोळे वाचतात. डोळ्यांचं मला पटतं. आई आता सुईत दोरा ओवायला मला हाक मारते. जंगलाचं कुणी मोजलं, देव जाणे. म्हणजे देव नाही. सवय.

१४ फेब्रु.
नवी वाडी. रस्त्यापासून चढ, घरं कौलारू, सगळी एकाच भावकीतली. सुरुवात हौसाक्काच्या घरापासून करा, असं साहेबांनी बजावलेलं. सरपंच तिला विचारून पान खातो म्हणे.

हौसाक्का काटक म्हातारी. आवाज ओढ्यापलीकडे जाईल असा. "कोन गं तू? पावणं कुठलं?" कोल्हापूरचं म्हटलं. चुलीचं सांगितलं.
"मी घालतीया त्या चुली काय वाईट हाईत व्हय? तुज्या सरकारला भाकरी थापता येतीया का?"
म्हटलं, सरकारला नाही येत, मला येते. तेव्हा हसली.

सून शालन, माझ्याहून लहान. कडेवर तान्ही मुलगी. डोळे असे लाल की आधी वाटलं रडून आलीय. नवरा कोल्हापुरात एमआयडीसीत, शनिवारी येतो. खोकते आणि पदर तोंडावर धरून "काय न्हाय, काय न्हाय" म्हणते.

उद्या माती.

१५ फेब्रु.
चूल घातली. चांगली बसली. पण ते लिहायला बसलेले नाही.

सैपाकघराच्या उंबऱ्यावर मी दरवेळी जरा थांबते. चूल अंगणात घालता येत नाही, आत जावंच लागतं, आणि तेही थेट चुलीपाशी, जिथं घरातली पुरुष माणसंसुद्धा फारशी फिरकत नाहीत. कुणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. साचा बसवला, माती, शेण, भाताचा भुसा मळून थापलं. हात कोपरापर्यंत चिखलात असताना हौसाक्कानं विचारलं, "आडनाव काय म्हनायचं?"

"कांबळे."

शालन पोरीला थोपटत होती, ती थांबली. मी चुलीचं तोंड गुळगुळीत करत राहिले. दुसरं काय करणार? चिखलाचे हात घेऊन उठून जाणार?

बऱ्याच वेळानं हौसाक्का म्हणाली, "बरं."

एवढंच. मग जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा टर्रकन फाडून माझ्याकडे टाकला. "हात पूस." टाकला, दिला नाही. पण मी खाली बसले होते आणि ती उभी, टाकणारच की. चहा सोनेरी काठाच्या नव्याकोऱ्या कपबशीतून. पाहुण्यांची कपबशी, की आमच्यासारख्यांसाठी वेगळी ठेवलेली? नुसत्या कपावरून कळत नाही. चहात आलं होतं. छान होता.

"बरं" म्हणजे काय, हे बस सुटल्यापासून कळंब्यापर्यंत घोकत आले. कळंबा तर वाटेत लागतही नाही. इतकं डोकं फिरलंय.

१६ फेब्रु.
दादाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. दादा बँकेत, जयंतीच्या कमिटीत पुढे. म्हणाला, "म्हणजे बाटली त्यांची चूल. आता बघ, फोडतील." आई म्हणाली, "फोडायची असती तर च्या दिला असता का?" दोघांनाही पक्कं माहीत आहे. गेलेली मी एकटी, आणि मलाच काही माहीत नाही.

२७ फेब्रु.
फोडलेली नाही!

चूल वाळली होती. वाडीतल्या एका गड्यानं एक कौल काढून पाइप वर काढला, टोपी बसवली. हौसाक्कानं हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घालवलं. मला बाजूला हो म्हणाली नाही. जवळ ये असंही म्हणाली नाही.

शालननं पहिली भाकरी टाकली. आम्ही सगळ्या वाकून बघतोय. धूर नाही. पळत अंगणात गेले, तर वर टोपीतून निळा धूर, सरळ. शालन आतून ओरडली, "आत्ती, बगा की! डोळ्यात पानीच न्हाय!" आणि हे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी. हौसाक्का म्हणाली, "मग ह्ये काय गळतंय, नळ?"

आज मी खूष आहे. साधी, सरळ खूष. हेही लिहून ठेवायला हवं.

३१ मार्च
टार्गेट पुरं. वाडीच्या तोंडावर पाटी लागली, 'धूरमुक्त वाडी'. पेंटरनं 'मुक्त' फार मोठं काढलं, 'वाडी' कोपऱ्यात अंग चोरून बसलीय. साहेबांनी पेढे वाटले. ऑफिसात रात्री दहापर्यंत बिलं रंगवत होते सगळे. सरकारचा पैसा वर्षभर गोगलगायीसारखा येतो आणि मार्चमध्ये सगळ्यांना पळवतो.

१९ मे
पाहणीला गेले. चूल धूर उत्तम ओढते. शालनचे डोळे निवळलेत, खोकला कमी. पोरगी रांगते.

आईला सांगितलं. गॅसवर चहा टाकत होती. म्हणाली, "माझ्या टायमाला कुठं गेलतीस?" गमतीनं म्हणाली. 

२१ जुलै
ग.बा. चा पाऊस. छत्री नावालाच. चढावरून हौसाक्काचं घर दिसलं, टोपीतून धूर निघतोय. बरं वाटलं. घरापाशी पोचेपर्यंत वरचा धूर बंद. आत गेले तर घर धुरानं गच्च. शालन खोकतेय. पोरीचं नाक वाहतंय. आणि हौसाक्का चुलीपुढं हात शेकत निवांत बसलेली.

काजळी काढायला पाइपच्या बुडाशी तोंड ठेवलेलं असतं, तिथून आत कापडाचा बोळा कोंबलेला.

"हा कुणी घातला?"
"म्याच घातलाय."
"का पण?"
"पाऊस हाय. घराला धूर लागतोय." आणि वर बोट दाखवलं. वर माळ्यावर ओली लाकडं, घोंगडी, इरली, दोडक्या-काकडीचं बी फडक्यात बांधून टांगलेलं. काळे कुळकुळीत वासे. "वाशास्नी भुंगा लागला म्हंजी छप्पर तुजं सरकार धरणार व्हय?"

 ट्रेनिंगमध्ये हे नव्हतंच. तिथं धूर म्हणजे शत्रू, फळ्यावर काढलेला, शिंगांसकट.

उतरताना पाठीमागून शालन आली, डोक्यावर पोतं. कानाशी लागून म्हणाली, "आत्ती गोठ्यात गेल्या की मी काढतोय बोळा. आल्या की पुना घालतोय. कुनाला सांगू नगासा." म्हणजे मघाचा वरचा धूर हा.

ओढ्यावर दोन बायका भांडी घासत होत्या. मला बघून एक दुसरीला म्हणाली, "कुनाच्या हातची चूल ती, ठावं हाय की." दुसरी हसली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. आता बसमध्ये पुन्हा तेच. बोळा धुरासाठी की माझ्यासाठी?

२२ जुलै
घरात कोर्ट भरलं.
दादा: "धूरबिर सगळं निमित्त. तुझी चूल बंद पाडायची आणि तोंडावर बोलायचंही नाही. नोकरी सोड."
आई: "अरे, पावसाळ्यात धूर लागतोच घराला. आपल्या गावाकडं नव्हता का? तुझी आजी बी-बियाणं कुठं टांगायची?"
दादा: "तू कायम त्यांचीच बाजू घे."
आई: "मी धुराची बाजू घेतोय."
मला हसू आलं, मग रडू. आईचे डोळे त्याच धुरानं गेले आणि ती त्याच धुराची वकील.

मला खरंच काही कळत नाही. हौसाक्काचं खरं असेल तर माझी चूल त्या पावसात चुकीची. दादाचं खरं असेल तर माझी चूल बरोबर आणि मी चुकीची. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेही कळत नाही.

९ ऑगस्ट
साहेबांना माळ्याचं सांगितलं. पावसाच्या तालुक्यासाठी पाइपला झाकण करता येईल का, उघडमीट करायला? म्हणाले, "मंजूर डिझाइनमध्ये झाकण नाही." मग, मुंबईची टीम पाहणीला येतेय, तेवढ्यापुरते बोळे काढून घ्या. "ते गेले की ज्यांना जे कोंबायचं ते कोंबू दे." म्हणजे बऱ्याच घरांत बोळे आहेत, आणि साहेबांना माहीत आहे! ज्या घरांत चूल माझ्या हातची नाही, तिथंही असतील का? विचारायला हवं होतं. जीभ रेटली नाही. उत्तराचीच भीती वाटली, कुठल्याही उत्तराची.

१३ ऑगस्ट
टीम आली. जीप खाली चिखलात रुतली, म्हणून साहेब लोक उशिरा वर पोचले. त्याआधी मी हौसाक्काकडे.

बोळा ओढून काढला. काजळीनं काळा झालेला, पण आतली घडी हिरवी. उलगडला. तेच लुगड्याचं फडकं. मी हात पुसलेलं.

बघत बसले. हौसाक्का माझ्याकडे, मी फडक्याकडे. 

घरात दुसरी चिंधी नव्हती म्हणून? की मी पुसलं म्हणून ते पुन्हा धुण्यात गेलंच नाही, कोपऱ्यात पडून राहिलं आणि बोळ्याच्या कामी आलं? आजवर निदान दोन कारणांत भांडण होतं. आता दोन्ही एकाच चिंधीत गुंडाळलेली.

टीम आली. घर स्वच्छ, धूर नाही. एक साहेब शालनला म्हणाले, "काय ताई, त्रास कमी झाला ना?" शालननं सासूकडे बघितलं. हौसाक्का पापणी न हलवता म्हणाली, "लई कमी झाला की!" साहेबांनी जंगल वाचल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं. ती म्हणाली, "जंगल हाय तितंच हाय, तुमी च्या घ्या." सगळ्यांना चहा. त्यांना पितळी फुलपात्रातून. मला सोनेरी काठाच्या कपातून. आता यातून काय समजायचं?

जीप गेल्यावर हौसाक्कानं हात पुढे केला. मी बोळा तिच्या हातात दिला. का दिला? शालन बघत होती. तिच्यासाठी तरी द्यायला नको होता. माझी मलाच चीड आली.

६ सप्टेंबर
शालनला सरकारी दवाखान्यात आणलं होतं, छातीसाठी. भेटायला गेले. मोसंबी नेली. म्हणाली, "बाई, आत्तीस्नी तुमीच सांगा की. तुमचं ऐकत्यात."
माझं? मी म्हटलं, माझं कशाला ऐकतील त्या?
"तुमी गेलासा की दोन दिस तुमचंच बोलत्यात."
काय बोलतात, हे विचारायच्या आत नर्स आली आणि बाहेर घालवलं.

१५ डिसेंबर
पाऊस संपून कधीच झाला. बोळा खुंटीला टांगलेला, चूल झकास ओढतेय, शालन बरी. हौसाक्कानं नाचणीचं पीठ बांधून दिलं. "आईला दे तुज्या. डोळं कसं हाईत तिचं?" आईचे डोळे तिला कसे माहीत? मी कधी सांगितलं?

दादानं त्या पिठाच्या भाकरीला हात लावला नाही. आई दोन खाऊन वर म्हणाली, "दळण चांगलं हाय."

(यापुढं बरीच पानं कोरीच राहिली. लग्नाची बोलणी, मोडलेली बोलणी, आईचं ऑपरेशन. चुलींचं काम चालूच, तेच मार्च, तेच बोळे.)

४ जुलै २००२
चुलीची योजना बंद. वरूनच. साहेब रिटायर झाले, नव्या साहेबांनी एका ओळीत सांगितलं. उरलेले पाइप गोडाऊनमागे गवतात. साचा मी घरी आणला, कुणी मागितला नाही. आई त्यात कोथिंबीर लावू म्हणते.

आता माझी बदली सौर दिव्यांवर. पुन्हा मानधन, पुन्हा टार्गेट, पुन्हा मार्च. ट्रेनिंगला एक गृहस्थ सांगत होते की पृथ्वी तापतेय. बाहेर पाऊस असा कोसळत होता की त्यांचं अर्धं ऐकूच आलं नाही. मी ग.बा. चं नाव काढून विचारलं, तिथं पावसाळ्यात सूर्य दिसत नाही, तर दिवा कसा पेटणार? म्हणाले, चांगला प्रश्न आहे. आणि चहाची सुट्टी झाली.

८ नोव्हेंबर २००३
दिव्याचा खांब बघायला त्या वाडीत. दिवा बंद. पॅनेलवर कुणीतरी इरलं वाळत घातलेलं. 'धूरमुक्त'चं नुसतं 'मुक्त' उरलंय.

हौसाक्काकडे जायचं नव्हतं. गेले.

म्हातारी बाजेवर. दोन्ही डोळ्यांत मोती, माणूस सावलीसारखं दिसतं म्हणे. मी बोलायच्या आत म्हणाली, "कांबळ्याची पोर न्हवं? पाय उंबऱ्यावर थांबला, तवाच वळाकलं."

आत चूल खचलेली, भेगा पडलेल्या, पाइप मोडलेला. घरभर धूर. शालन बारीक झालीय, खोकला आता तिच्या बोलण्यातच मिसळलाय. आणि चुलीपुढं भाकरी थापत होती ती रांगणारी पोरगी, सारिका. दुसरीत का तिसरीत. डोळे लाल.

मला काय झालं कळलं नाही. इतकी वर्षं गिळलेलं भसकन बाहेर आलं. "हौसाक्का, तो बोळा. पावसासाठी होता की माझ्यासाठी?"

शालननं मान खाली घातली. म्हातारीनं माझ्या आवाजाकडं तोंड वळवलं.

"बोळा पावसापायी घातला," म्हणाली. "फडकं त्येच घेतलं, ते तुज्यापायी. तू गेलीस की चुलीवर गोमूत्रबी शिंपाडलं. आता डोळं गेलं माजं, खोटं कशाला बोलू?"

राग आला. खरा राग. उठून जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी आतून काहीतरी सुटल्यासारखं हलकं वाटलं. हे दोन्ही एकदम कसं होतं माणसाला?

म्हटलं, "आणि कप? सोनेरी काठाचा?"

"कंचा कप?" तिला आठवेना. खरंच आठवेना, की...

मग तोच जुना हुकमी आवाज. "चूल खचलीया. वाडीतल्या दोघींनी घालून बगितली, वडत न्हाय. तुज्यासारकी कुनाची वडत न्हाय. घालतीस नव्हं?"

योजना नाही, पाइप नाही, टार्गेट नाही, मानधन नाही. "नाही" म्हणायला इतकी कारणं कधीच नव्हती, आणि सगळ्यात मोठं कारण तिनं आत्ताच स्वतःच्या तोंडानं दिलेलं. मी सारिकाकडे बघितलं. ती मनगटानं डोळे पुसत होती, पीठ लागू नये म्हणून.

"झाकण बसवीन," मी म्हणाले. "पाइपला. पावसात लावायचं, भाकरीच्या वेळी काढायचं. बोळा घालायचा नाही."
"बरं," हौसाक्का म्हणाली.
तेच "बरं". सात वर्षं झाली, अजून अर्थ लागत नाही.

निघताना शालनला माती भिजत घालायला सांगितली.

९ नोव्हें.
कोथिंबीर उपटून साचा धुतला. आईनं बघितलं आणि उपटलेली कोथिंबीर निवडायला घेतली. गोडाऊनमागून एक पाइप मिळेल, वॉचमन ओळखीचा. झाकण पत्र्याचं, लोहार गल्लीत करून घेता येईल.

दादाला काय सांगू? गोमूत्राचं सांगितलं तर तो जाऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. नाही सांगितलं तर मी त्याच्याशी खोटं बोलले. म्हातारीला माफ केलं का? नाही. अजिबात नाही. मग साचा कशाला धुतला?

माती उद्यापर्यंत मुरेल. सकाळची बस आहे. हात पुसायला या वेळी घरून टॉवेल नेईन. म्हणजे, गेले तर.